छकुलीचा दुसरा वाढदिवस : घरातच मैदान

आपल्या वस्त्यांमधून संध्याकाळी एक फेरी मारली तर वाढदिवसाचा एखादा तरी फ्लेक्स दिसतोच. बाळ एक वर्षाचे आणि फ्लेक्स दहा फुटांचा. त्यावर शुभेच्छुकांचे फोटो इतके, की ज्याचा वाढदिवस ते बाळ शोधावे लागते. हे मी दुसऱ्यांना नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाच्या मुलीचा, आमच्या छकुलीचा, पहिला वाढदिवस झाला तेव्हा असल्याच फ्लेक्सवर आत्या म्हणून माझाही फोटो होता आणि तो चांगला आला आहे असे मला वाटलेही होते.

तो वाढदिवस हॉलमध्ये झाला. अडीचशे माणसे जेवली. डीजे वाजला. त्या दणदणाटाने छकुली इतकी घाबरली की शेवटी आई तिला घेऊन हॉलच्या जिन्यात जाऊन बसली आणि पोर तिच्या खांद्यावर झोपली. केक कापायच्या वेळी झोपेतल्या पोरीच्या हाताला सुरी लावून आम्हीच तो कापला. मी बी.कॉम. झालेली, ऑफिसात दिवसभर बिले तपासणारी बाई. हिशेब पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. एकूण खर्च ८५,००० रुपये. भावाजवळ होते २५,०००. तो टेम्पो चालवतो. उरलेले ६०,००० त्याने पतपेढीतून काढले, २,९०० रुपयांचा हप्ता, चोवीस महिने. चोवीस हप्त्यांचे होतात ६९,६००. म्हणजे व्याजच ९,६०० रुपये. यंदा दुसरा वाढदिवस दारात आला तेव्हा पहिल्या वाढदिवसाचे बारा हप्ते अजून बाकी होते.

तरीही भावाच्या मित्रांनी दुसऱ्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचे डिझाइन मोबाईलवर पाठवून दिले होते. भाऊ मला म्हणाला, "ताई, एकदा मोठा केला आणि दुसऱ्यांदा घरात केला, तर लोक म्हणतील याचे दिवस फिरले." या वाक्यावर रागावता येत नाही. ज्यांच्या आजोबांना गावात दुसऱ्याच्या समारंभात लांब बसावे लागले, त्यांच्या नातवाला आपल्या समारंभात चार लोकांना मानाने जेवू घालावेसे वाटले तर ते मी समजू शकते. पण हप्ता मानाने फिटत नाही, तो पगारातूनच जातो, हेही मला रोज दिसते.

मार्ग काढला तो माझ्या भावजयीने. ती घरात फार बोलत नाही. त्या रात्री भांडी घासता घासता म्हणाली, "ताई, हिला चेंडू दिसला की हिचे जेवणसुद्धा राहते. आपण हिचा वाढदिवस खेळांचा करू या का?" ही भावजय शाळेत असताना जिल्ह्याच्या स्पर्धेत खो-खो खेळलेली आहे. दहावीनंतर खेळ सुटला. तिचे प्रमाणपत्र लोखंडी कपाटात रेशनकार्डाच्या पिशवीत आहे. लग्नाला पाच वर्षे झाली, पण हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळले, याची लाज वाटली.

हल्ली एका विषयावर सजवलेल्या वाढदिवसाला 'थीम' म्हणतात. त्याची तयार पाकिटे दुकानात मिळतात : फुटबॉल छापलेल्या ताटल्या, टोप्या, पताका, भिंतीवरचा पडदा. दोन-तीन हजार रुपये सहज जातात आणि दुसऱ्या दिवशी सगळे कचऱ्याच्या गाडीत. आम्ही त्यातले काहीच आणले नाही. सजावटीवर पैसे घालायचे नाहीत, मुलांना खेळायला मिळाले पाहिजे, एवढे ठरवले.

आमचे घर झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीतले, २२५ चौरस फुटांचे. त्यात भाऊ-भावजय, आई, छकुली आणि पाहुण्यांचा राबता. इथे खेळ कसे घ्यायचे? आमच्या इमारतीत राहणाऱ्या अंगणवाडीच्या सेविकाताईंना विचारले. आपल्या या भगिनी वर्षानुवर्षे लहान मुलांत असतात, पण सल्ला विचारायला आपण त्यांच्याकडे जात नाही, मोबाईलमध्ये शोधतो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मुले किती?" मी म्हटले, "वीस-पंचवीस." त्या म्हणाल्या, "आठ. आणि प्रत्येकाबरोबर एकच मोठे माणूस."

दुसरे त्यांनी सांगितले ते मला महत्त्वाचे वाटले. दोन वर्षांच्या आसपासचे मूल धावते, चेंडूला लाथ मारते, फेकतेही. पण अंगावर आलेला चेंडू झेलणे त्याला अजून जमत नाही. रांग, पाळी, नियम, हार-जीत या गोष्टी त्याच्या गावी नसतात. ते दुसऱ्या मुलाच्या शेजारी बसून आपला आपला खेळ खेळते. म्हणून शर्यत लावू नये, नंबर काढू नये, आणि मुलांपेक्षा चेंडू जास्त असावेत. निम्मे रडणे यानेच वाचते.

वेळ ठेवली पाच ते साडेसहा. छकुली दुपारी झोपते, उठून ताजी असते ती वेळ. शिवाय आमच्या शेजारच्या खोलीतले गृहस्थ रात्रपाळीचे वॉचमन. ते साडेचारपर्यंत झोपतात. त्यांना आदल्या दिवशी जाऊन सांगितले. ते म्हणाले, "मी उठल्यावर तुमचा सोफा माझ्याकडे ठेवा." सोफा कम बेड गेला तशी खोली एकदम मोठी वाटू लागली.

आता आहेराचा प्रश्न. निमंत्रणात 'आहेर आणू नये' असे आपण छापतो आणि दारात पाकीट घेऊन उभे राहतो, हे सर्वांना ठाऊक आहे. ज्या आईकडे महिनाअखेरीस शंभराची नोट नसते ती मग मुलाला बरे नाही असे सांगून येतच नाही. मागच्या वर्षी आमच्याच मजल्यावरची एक बाई अशी आली नव्हती. छकुली तिच्या घरी रोज खेळते, तरीही. यंदा भावजयीने सर्वांना सांगितले, "आहेर नको, पण प्रत्येकाने एक जुना मोजा धुऊन चार दिवस आधी आणून द्यायचा." बायका हसल्या, पण मोजे आले. जोडीतला एक हरवलेला मोजा कोणाच्या घरात नसतो? त्यांत चिंध्या दाबून भरल्या, तोंड आत दुमडून दुहेरी दोऱ्याने पक्के शिवले. बटण नाही, मणी नाही. आठ चेंडू तयार झाले. खेळ संपल्यावर प्रत्येक मूल आपल्याच मोज्याचा चेंडू घेऊन घरी जाणार होते. मजल्यावरची ती बाई यंदा सर्वांत आधी मोजा घेऊन आली.

बाजारातून बारा मोठे हलके प्लॅस्टिकचे चेंडू आणले. इथे एक काळजीची गोष्ट सांगते. तीन वर्षांखालील मुलाच्या हातात तोंडात मावेल एवढा चेंडू देऊ नये. गोट्या तर नाहीतच. आत दिवा लागणारे चेंडूही नकोत. त्यांतली बटणासारखी बॅटरी मुलाने गिळली तर काही वेळातच अन्ननलिका भाजते. तसा संशय जरी आला तरी घरगुती उपाय न करता थेट मोठ्या इस्पितळात न्यावे. मी हौसेने फुगे आणले होते, ते सेविकाताईंनी परत ठेवायला लावले. फुगा फुटला की त्याचा तुकडा मूल तोंडात घालते आणि तो घशावर घट्ट बसतो. शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षे यांचेही तेच. मोठ्यांसाठी शेंगदाणे होते ते फडताळाच्या वरच्या कप्प्यात गेले.

घशात काही अडकलेच तर काय करायचे हेही त्यांनी आम्हाला करून दाखवले. मूल खोकत असेल, रडत असेल तर त्याला खोकू द्यावे. आवाजच फुटत नसेल तर त्याला पुढे वाकवून, छातीला हाताचा आधार देऊन, दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या मागच्या भागाने पाच जोरकस थापा द्याव्यात. तरी निघाले नाही तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली मूठ ठेवून पाच वेळा आत आणि वर दाबावे; मग पुन्हा थापा, असे आलटून पालटून. दुसऱ्याने त्याच वेळी १०८ ला फोन लावावा. दिसत नसताना तोंडात बोटे घालून उकरू नये. वर्षाच्या आतल्या बाळाचे पोट असे दाबायचे नसते. त्याला हातावर पालथे घेऊन पाठीवर थापा आणि मग उताणे करून छातीच्या मध्यावर दाब. गरज पडली नाही, पण शिकलो ते शिकलो.

मैदान असे तयार झाले. किराणा दुकानातून दोन मोठी खोकी आणली. एकाची एक बाजू कापून गोल केला, दुसऱ्याच्या दोन्ही बाजू उघडून रांगत जायचा बोगदा. पाण्याच्या सहा रिकाम्या बाटल्यांत थोडे थोडे रंगीत पाणी घालून झाकणे घट्ट लावली आणि चेंडूने पाडायला मांडल्या. कबड्डीची मधली रेघ जमिनीवर रंगीत टेपने ओढली. जुन्या टी-शर्टच्या पाठीवर सर्वांचा एकच आकडा रंगवला : २. ओटा त्याच खोलीत असल्यामुळे स्वयंपाक चारच्या आत उरकला, गॅसचा रेग्युलेटर बंद केला आणि चहा थर्मासात भरून उंच ठेवला.

भिंतीवर कार्टूनऐवजी खेळाडूंची चित्रे लावली. मोबाईलवरून प्रिंट काढली आणि मुलांच्या नजरेला येतील अशी जमिनीपासून दोन फुटांवर चिकटवली. मोठ्या माणसांना ती पाहायला खाली बसावे लागले, तेही बरेच झाले. पहिले खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना पाठवायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले. कर्ज काढावे तर असल्या कामासाठी, असे मी भावाला ऐकवले. तो नुसता हसला. दुसरे चित्र नाशिकच्या आदिवासी भागातून आलेल्या धावपटू कविता राऊत यांचे. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक त्यांचे. तिसरे, २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला झालेला पहिला खो-खो विश्वचषक जिंकणारा भारताच्या मुलींचा संघ. त्याची कर्णधार प्रियांका इंगळे ही आपल्या महाराष्ट्राचीच. हे चित्र भावजयीने स्वतः निवडले. चौथे, २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक जिंकलेल्या महिला संघाचे.

पाचव्या चित्रावरून घरात वाद झाला. ते पाळवणकर बाळू यांचे होते. चर्मकार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची कामे करता करता साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करी. पुढे हिंदूंच्या संघाने त्याला घेतले, कारण जिंकायचे होते. पण चहाच्या वेळी बाकीचे मंडपात चहा पीत आणि याला बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ मध्ये भारतीय संघ इंग्लंडला गेला, त्या दौऱ्यात याने शंभराहून अधिक बळी घेतले. तरी त्याला हिंदू संघाचे कर्णधारपद कधी दिले नाही. ते १९२३ मध्ये मिळाले त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला, आणि त्या वर्षी संघ जिंकला.

आमचे काका गिरणीतून निवृत्त झालेले, जुने कार्यकर्ते. ते चित्र पाहून म्हणाले, "हा बाबासाहेबांच्या विरोधात निवडणुकीला उभा राहिला होता. याचा फोटो आपल्या घरात कशाला?" काकांचे म्हणणे खोटे नव्हते. १९३७ च्या निवडणुकीत बाळू मुंबईत काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे होते आणि बाबासाहेब निवडून आले. मी म्हटले, "काका, निवडणुकीत ते चुकले असतील. पण बाहेर बसून मातीच्या भांड्यात चहा प्यायलेला माणूस आपला नाही असे मला म्हणता येत नाही." काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "राहू दे. पण बाबासाहेबांच्या फोटोच्या भिंतीवर नको." आम्ही ते समोरच्या भिंतीवर लावले. नंतर मी पाहिले तर काका एका दहा वर्षांच्या मुलाला त्याच चित्राखाली बसून मातीच्या भांड्याची गोष्ट सांगत होते.

पाच वाजता मुले आली. आईने बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर मेणबत्ती लावली, सर्वांनी त्रिशरण-पंचशील घेतले. केकवर मेणबत्ती लावून फुंकायची नाही असे आईने आधीच बजावले होते. तिच्या मते वाढदिवसाला दिवा लावायचा असतो, विझवायचा नसतो. फुंकरीबरोबर आठ पोरांची थुंकी केकवर उडत नाही हा माझा मुद्दा. केक बेकरीतला अर्धा किलोचा, त्यावरची प्लॅस्टिकची फुले आधीच काढून टाकलेली.

यापुढे आमचे नियोजन कोणीही पाळले नाही. ज्या खोक्याचा गोल केला होता त्यात छकुली जाऊन बसली आणि बाहेरच येईना. ओढले तर किंचाळायची. शेवटी गोल बंद पडला. मग एका मुलाने आपला चेंडू नेऊन तिच्या मांडीवर टाकला, त्याचे पाहून दुसऱ्याने, आणि थोड्या वेळाने छकुली गळ्यापर्यंत चेंडूंत बुडून खिदळत होती. कबड्डीच्या रेघेवरची टेप दोघांनी बसून उपटून काढली. त्यांचा तोच खेळ पाऊण तास चालला. बाटल्या पाडण्यापेक्षा उभ्या करण्यात एका मुलीला जास्त गोडी होती.

एक वडील मात्र आपल्या मुलाच्या मागे लागले होते. "मार! जोरात मार! ती बघ, मुलगी असून पुढे गेली!" तो अडीच वर्षांचा जीव चेंडू टाकून रडायला लागला. मी काही बोलणार एवढ्यात आईच त्यांना म्हणाली, "दादा, तुम्ही जरा त्या बोगद्याचे खोके धरून बसा बरे, ते घसरते आहे." ते बसले. पाच मिनिटांनी त्यांचा मुलगा त्याच खोक्यातून रांगत बाहेर आला आणि बापाच्या मांडीवर आदळला. पुढचा सगळा वेळ ते खोकेच धरून होते.

बक्षीस कोणालाच नाही, सर्वांना ठसा. गळ्यात दोरीचे पदक लहान मुलाला धोक्याचे, नाणी-बिल्ले तोंडात जातात. म्हणून अर्ध्या बटाट्यावर चांदणी कोरून बिटाच्या रसात बुडवली आणि प्रत्येकाच्या हातावर उमटवली. ऑफिसात शिक्के मारून मारून माझा हात बसलेला आहे, ते काम माझ्याकडेच आले.

मुलांबरोबर त्यांची मोठी भावंडे येणार हे आम्ही धरलेच होते. ती कंटाळली तर दंगा ठरलेला. म्हणून चेंडू गोळा करण्याचे काम त्यांना दिले, पण ते दहा मिनिटांत संपले. तेव्हा भावजय पदर खोचून बाहेर पॅसेजमध्ये गेली. गच्चीला कुलूप होते, आणि असते तर बरेच. तिने पाच मुलांना एका रांगेत, एक इकडे तोंड करून एक तिकडे, असे उकिडवे बसवले. पाठीवर थाप कुठे द्यायची, 'खो' मिळाल्यावर आधी उठायचे की आधी वळायचे, ते करून दाखवले. पॅसेज अरुंद, दोन घरांच्या चपला मध्ये. तरी तिसऱ्या फेरीला ती स्वतः पळायला लागली आणि पाचांपैकी एकालाही सापडली नाही. भाऊ दारात चहाचा कप घेऊन उभा होता. त्याने तिला असे कधी पाहिलेच नव्हते. चहा गार झाला.

खाण्यात छोट्या इडल्या, तिखट नसलेली भाजी, शिरा, केळी आणि चिकू. चिकूच्या बिया आधी काढलेल्या. हिशेब देते, कारण बायका नंतर मला तोच विचारत होत्या. चेंडू ३००, केक ३५०, इडलीचे तांदूळ-डाळ-खोबरे आणि भाजी ४२०, शिरा २६०, फळे १८०, दूध आणि चहा १५०, टेप-कागद-रंग ११०, चित्रांच्या प्रिंट ८०. एकूण १,८५० रुपये. पतपेढीचा त्या महिन्याचा हप्ता भावाने वेळेवर भरला.

बारा प्लॅस्टिकच्या चेंडूंपैकी दोन छकुलीला ठेवले, दहा अंगणवाडीला दिले. फ्लेक्स मात्र लागलाच. मित्रांनी आपल्या खर्चाने लावला, पण दोन फुटांचा आणि त्यावर एकटी छकुलीच होती. तिने मोज्याचा चेंडू रात्री उशाशी घेतला.

पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता दार वाजले. पॅसेजमध्ये खो-खो खेळलेली पाचही मुले उभी होती, आणखी तीन सोबत. त्यांनी विचारले, "काकू आहेत का? मैदानावर चला म्हणावं." भाऊ म्हणाला, "जा तू, हिला मी सांभाळतो."